दुसरं शून्य

रुलेटच्या चाकाला कुणाचा हात कळत नाही. गोटी माझ्या, म्हणजे नोएलीनच्या, हातून सुटली की आणखी कुणाच्या, याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नसतं. हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं आणि पुढची एकवीस वर्षं मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पेलिकन कॅसिनोत येणाऱ्या म्हाताऱ्यांनी माझ्या हाताचा बोलबाला केला, तो मी खुशाल होऊ दिला. कौतुक कुणाला नको असतं?

ब्रिस्बेनपासून लांब उत्तरेला असलेलं आमचं गाव उसाचं. जूनमध्ये कारखाना सुरू झाला की डिसेंबरपर्यंत सगळ्या गावाच्या कपड्यांना काकवीचा वास येतो. दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी कॅसिनोची फुकट बस पेन्शनरांना गोळा करत फिरते. दहाला खेळ सुरू, साडेबाराला स्वस्तातलं जेवण, म्हणजे रोस्ट, भोपळा आणि वर ओतलेली ग्रेव्ही, आणि दीडला परत बस. ज्यांच्या घरी बोलायला कुणी उरलं नाही ते सगळे त्या बसमध्ये सापडतात. मी त्यांना नावानिशी ओळखायचे, त्यांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनांसकट.

व्हिक झॅमिट त्यांतलाच एक. एकोणऐंशी वर्षांचा, मूळचा माल्टाचा. चौतीस वर्षं त्यानं कारखान्याची उसाची आगगाडी चालवली. बायको कार्मेन गेली, मुलगी जोझी ब्रिस्बेनला. अकरा वर्षं तो माझ्या टेबलावर, चाकाशेजारच्या पहिल्या खुर्चीत बसत आला. दिवसाला चाळीस डॉलर, म्हणजे दोन-दोन डॉलरच्या वीस चकत्या, त्या संपल्या की उठायचं. उधारी नाही, रडारड नाही. डॉट पॅस्को आणि बाकीच्या बायका नातवंडांच्या वाढदिवसांचे आकडे लावायच्या. व्हिक त्यांना हसायचा. तो पटावरचे, म्हणजे टेबलावर छापलेल्या घरांतले, आकडे लावत नसे, तो चाकावरची जागा लावत असे. शून्य आणि त्याचे शेजारी: तीन, सव्वीस, शून्य, बत्तीस, पंधरा. चाकावर हे पाचही एकमेकांना खेटून बसतात, पटावर मात्र चार दिशांना असतात.

"नोएलीनचा हात एका लयीत चालतो," तो आल्या-गेल्याला सांगायचा. "ती गोटी सोडते ना, ती शून्याच्या गल्लीतच उतरते. थोडी इकडे, थोडी तिकडे. ड्रायव्हरला कळतं हे. गाडी कुठं थांबणार ते ब्रेक मारायच्या आधी कळतं."

गल्लीतबिल्लीत काही उतरत नव्हती. ती जिथं उतरायची तिथं उतरायची, आणि जवळपास उतरली तेवढंच व्हिकच्या लक्षात राहायचं. पण एवढ्या वर्षांत माझ्या नवऱ्यानंही माझ्या कुठल्या गोष्टीचं इतकं कौतुक केलं नव्हतं. मी गप्प बसून ऐकून घ्यायचे.

गेल्या वर्षी माझ्या ध्यानात आलं की व्हिकला दिसत नाही. म्हणजे कडेकडेचं दिसतं, पण जिथं बघावं तिथंच काळा डाग. एके दिवशी तो खांबाला "गुड मॉर्निंग" म्हणाला. मग मी त्याच्या हाताकडे बघू लागले. तो टेबलाची पितळी कड बोटांनी चाचपायचा, तिथून वितीनं मोजत जायचा आणि चकती बरोबर घरात ठेवायचा. अकरा वर्षांची सवय, चुकायचा नाही. मी सुट्टीत बाहेर बाकावर त्याला गाठलं आणि सरळ विचारलं.

"कुणाला सांगू नकोस, पोरी," तो म्हणाला. मी सत्तावन्न वर्षांची आहे, तरी मी पोरीच. "जोझीला कळलं तर मला ब्रिस्बेनला नेऊन एका खोलीत बसवेल. आणि तुझ्या त्या मॅनेजरला कळलं तर इथलीही खुर्ची गेली."

मलाही तसंच वाटत होतं. आमच्याकडे ज्याची चकती त्यानंच लावायची असा नियम. ज्याला पट दिसत नाही त्याला टेबलावर कोण बसू देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी त्याला शब्द दिला. डीलरनं, म्हणजे टेबल चालवणाऱ्यानं, गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचं नाही, अगदी पावाचा तुकडाही नाही, म्हणून व्हिक त्या दिवसापासून दर गुरुवारी घरी केलेल्या पास्तित्सी, म्हणजे माल्टाच्या खुसखुशीत करंज्या, फॉइलमध्ये गुंडाळून त्या बाकावर 'विसरून' जाऊ लागला. आत मीठ घातलेलं रिकोटा चीज असायचं. न दिसणारा माणूस भट्टीशी कसा झटत असेल हा विचार करत मी त्या खायचे.

मेच्या शेवटी स्टाफ-रूमच्या फ्रीजवर कागद चिकटला. तो लावणारा आमचा गेमिंग मॅनेजर शेन प्राउझ. गोल्ड कोस्टहून आलेला, चौतीस वर्षांचा, दात फार पांढरे. कागदावर लिहिलं होतं की सोमवारपासून सगळ्या टेबलांवर नवी चाकं येतील. जुन्या चाकाला सदतीस खाचा, नव्याला अडतीस. हिरव्या शून्याच्या जोडीला दुसरं हिरवं, डबल शून्य. जिंकणाऱ्याला मिळायचं ते पूर्वीइतकंच, एकास पस्तीस. पण त्या एका खाचेमुळं कॅसिनोची कमाई जवळजवळ दुप्पट होते. आणि नव्या चाकावर आकड्यांची रांगच निराळी. बत्तीस आता शून्याचा शेजारी नाही, तो सात घरं सोडून पलीकडे. पंधरा आणि तीन तर गाव सोडून गेलेले. खाली शेनची ओळ होती: गिऱ्हाइकानं विचारल्यास टेबलावरची पाटी दाखवा, आपणहून विषय काढू नका.

"डॉटला काय फरक पडणार?" चहा ढवळत शेन म्हणाला. "ती कुत्र्याचा वाढदिवस लावते."

मला त्याच क्षणी व्हिक आठवला. सांगायला हवं, एवढंच मनात आलं. बस आल्यावर, दारातच सांगू.

पण मंगळवारी बस उशिरा आली आणि मी तोवर टेबलावर उभी होते. व्हिक आला, कड चाचपून बसला. मी चाक फिरवलं. त्यानं मान तिरकी केली, कान चाकाकडे.

"आवाज बदललाय गं," तो म्हणाला. "काय केलंय ह्याला?"

त्यानं विचारलं. सरळ विचारलं. शेन माझ्या मागं हाताची घडी घालून उभा होता. पाटी दाखवावी तर व्हिकला पाटी दिसणार नाही आणि ते शेनला दिसणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "तेल घातलंय."

"तरीच," व्हिक खूश होऊन म्हणाला. "तेल घातलं की गाडी अशीच चालते."

तो वीत मोजू लागला. तीन, सव्वीस, बत्तीस, पंधरा, चारही बरोबर घरात. मग शून्याची चकती. जुन्या पटावर शून्याचं एकच लांबट घर होतं, आणि इतरांच्या चकत्यांत मिसळू नये म्हणून व्हिक आपली नेहमी पलीकडच्या टोकाला ठेवायचा. नव्या पटावर त्या घराची दोन घरं झाली होती. त्याची चकती दुसऱ्या शून्यावर जाऊन बसली.

गिऱ्हाइकानं लावलेली चकती डीलरनं हलवायची नसते. शंका आली तर विचारायचं. 'व्हिक, कुठल्या शून्यावर?' एवढे तीन शब्द. मी विचारलं नाही. पट साफ करते आहे असं दाखवून तळहाताच्या कडेनं ती चकती सरकवली आणि साध्या शून्यावर आणून ठेवली. त्याला शून्यच हवं होतं, मला ठाऊक होतं. मी त्याच्या भल्याचं करत होते. भलं करताना माणूस कुणाला काही विचारत नाही, तशातली गत.

त्या दिवशी मी आकडे पुकारले आणि व्हिक ते डोक्यातल्या जुन्या चाकावर मांडत गेला. "पाच, लाल." तो पुटपुटला, "लांब गेली." "एकतीस, काळा." "पार पलीकडे." मी पुकारत होते ते चाक आणि तो ऐकत होता ते चाक, दोन वेगळी होती. बाराच्या आतच त्याचे चाळीस संपले. तो उठला तेव्हा माझी सुट्टी झाली नव्हती. म्हटलं, गुरुवारी सांगू.

गुरुवारी बाकावर गाठलं. तो फॉइलची पुडी मांडीवर घेऊन बसला होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "हाताला काही झालंय का गं तुझ्या?"

"काय व्हायचंय?"

"गोटी भलतीकडेच पळतेय. गल्लीत येतच नाही. कार्मेनचं असंच सुरू झालं होतं. आधी सुईत दोरा जाईना, मग कप धरता येईना. आम्हाला वाटलं वय झालं. डॉक्टरला दाखव, पोरी. लाजू नकोस."

लाज वाटायला हवी होती, पण मला आधी राग आला. माझा हात! बावीस वर्षं ज्याचं नाव होतं तो हात आता ह्याला आजारी वाटतोय, आणि ते कशामुळं, तर शेनच्या चाकामुळं. मी म्हणाले, "व्हिक, हाताला काही झालेलं नाही. ऐक, ते चाक—"

"चाकाला काय धाड भरलीय?" तो हसला. "चाकाचं मला सांगू नकोस. घरी मला चहाचा कप सापडत नाही, माहितेय? परवा पायमोजा समजून भांडी पुसायचं फडकं चढवलं पायात. जोझीचा चेहरा आठवायला गेलो तर लहानपणचा येतो, आत्ताचा येत नाही. पण तुझ्या त्या चाकावरच्या सदतीस खाचा मला डोळे मिटून दिसतात, एकामागोमाग एक. रात्री झोप नाही आली की मी त्या मोजतो. तेवढं एक ठिकाण राहिलंय बघ, जिथं मला सगळं दिसतं."

मी पुडी उचलली आणि आत गेले. त्या दिवशीच्या पास्तित्सी मला गिळवेनात. तरी खाल्ल्या.

दुसऱ्या आठवड्यात सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता चाक बदललंय एवढंच सांगून भागणार नव्हतं. मी आठवडाभर खोटं बोलत होते, तुझी चकती हलवत होते, हेही सांगावं लागणार होतं. आणि एक गोष्ट मला रोज आतून खात होती. डबल शून्य एकदाही आलं नव्हतं. व्हिक बसलेला असताना, माझ्या हातून, एकदाही नाही. अडतिसातली ती एक खाच. कधीतरी गोटी तिथं पडणारच, आणि मला ते मोठ्यानं पुकारावं लागणार. म्हणजे मी सांगितलं नाही तर गोटी सांगणार होती. रोज सकाळी गणवेशाची बटणं लावताना मी ठरवायचे की आज आपणच आधी सांगायचं, आणि रोज दुपारी तोंडात मिठाची गुळणी धरून घरी यायचे.

तिसरा मंगळवार. सव्वाअकरा वाजले होते. खिडकीबाहेरून उसाची गाडी भोंगा वाजवत गेली, व्हिकनं सवयीनं मान हलवली. शेजारी डॉट, तिच्यापुढे दोन अनोळखी पर्यटक. व्हिककडे शेवटच्या पाच चकत्या उरल्या होत्या. तीन, सव्वीस, बत्तीस, पंधरा. पाचवी दुसऱ्या शून्यावर. मी तळहाताची कड फिरवली, ती पहिल्यावर आली. गोटी सोडली.

"बस, आता लावू नका."

गोटी वरच्या कडेवरून घसरली, दोनदा उडाली आणि हिरव्यात पडली. मी खाली पाहिलं. एका हिरव्या चौकोनात दोन पांढरी शून्यं होती.

हातातली काचेची सोंगटी जिंकलेल्या आकड्यावर ठेवायची आणि पुकारायचं, हे मी लाखो वेळा केलं असेल. हात हलेना. "काय आलं, पोरी?" व्हिकनं विचारलं.

"शून्य..." मी म्हणाले आणि तिथंच अडले.

व्हिकनं टेबलावर थाप मारली. त्याचा चेहरा असा उजळला की मला तो अजून दिसतो. "आलं! म्हटलं नव्हतं मी? हात परत आला तुझा. डॉट, म्हटलं होतं की नाही?"

"डबल शून्य," मी वाक्य पुरं केलं. "हिरवं."

"डबल काय?"

मी काचेची सोंगटी दुसऱ्या शून्यावर ठेवली. शेवटी डॉट बोलली. मनानं वाईट नाही ती, पण तोंडाला दार नाही. "डबल शून्य रे, नवं आलंय ते. पण अगं नोएलीन, त्याची चकती तर तिथंच होती की. तूच सरकवलीस. रोजच सरकवतेस, मला वाटलं तुमचं काही ठरलंय."

"या पटावर दोन शून्यं आहेत?" व्हिकनं विचारलं. आवाज हळू होता.

"दोन आठवड्यांच्या वर झाले की," डॉट म्हणाली. "आकड्यांची रांगसुद्धा बदलली. ही एवढी पाटी आहे तुझ्या नाकासमोर. दिसत नाही का?"

"नाही," व्हिक म्हणाला. "दिसत नाही."

वर्षभर झाकलेली मूठ त्यानं स्वतःच उघडली, तीही दोन पर्यटकांसमोर. मग तो माझ्याकडे वळला, म्हणजे मी जिथं असेन असं त्याला वाटलं तिकडे वळला, आणि म्हणाला, "तेल घातलंय म्हणालीस तू."

तोवर शेन आला होता. त्यानं टेबल बंद केलं. डीलरनं टेबल सोडताना हात झटकून दोन्ही तळवे छताच्या कॅमेऱ्याला दाखवायचे असतात: काही घेतलेलं नाही. मी तळवे दाखवले आणि त्याच्या मागोमाग ऑफिसात गेले.

त्यानं पडद्यावर माझाच हात मला दाखवला. हात दाखवून अवलक्षण, ते हेच. पाच सकाळी, तीच कड, तीच चकती. शेन चिडला नव्हता. तो चांगला वागत होता, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

"हे बघ, नोएलीन," तो म्हणाला, "एवढा बाऊ करायचं कारण नाही. त्या म्हाताऱ्याला दिसत नाही. त्याला साधं शून्य हवं होतं. त्याच्या सांगण्यावरून तू चकती नीट ठेवायचीस. बरोबर?"

"त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं."

"तेच तर. म्हणून एक ओळ लागेल. चाक बदलल्याचं तू पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतंस. या वयात माणसं विसरतात, कुणी त्याला दोष देणार नाही. एवढं लिही, सही कर, गुरुवारी परत टेबलावर ये. नाहीतर मला हे लायसन्सवाल्यांकडे पाठवावं लागेल. मग कुठल्याच कॅसिनोत तुला कुणी उभं करणार नाही."

एकच ओळ. तीही तशी निरुपद्रवी. व्हिक म्हातारा आहे, विसरला असेल, संपलं. माझी नोकरी राहणार, हात राहणार, नाव राहणार. फक्त व्हिक आंधळ्याच्या जोडीला खुळाही ठरणार. शेननं पेन पुढं केलं. बाहेर जेवणाची घंटा झाली, ग्रेव्हीचा वास दाराखालून आत आला.

मी लिहिलं: चकती त्यानं डबल शून्यावर ठेवली होती. मी त्याला न विचारता ती हलवली. चाक बदलल्याचं मी त्याला कधीच सांगितलं नाही. त्यानं विचारलं तेव्हा तेल घातलंय असं मी खोटं सांगितलं.

शेननं दोनदा वाचलं. "म्हणजे आपल्याला त्याला पैसे द्यावे लागणार," तो म्हणाला. बावीस वर्षांच्या नोकरीचा निरोपसमारंभ तो एवढाच झाला.

मी नावाची पट्टी टेबलावर काढून ठेवली आणि बाहेर आले. बाकावर व्हिक बसला होता, बस यायला अजून वेळ होता. त्याच्या मांडीवर कॅसिनोचा लिफाफा होता, सत्तर डॉलरांचा. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं: फ्रीजवरचा कागद, मागं उभा असलेला शेन, त्याला दिलेला शब्द, त्याच्या सदतीस खाचा. नोकरी गेल्याचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं. त्यावर त्यानं मला माफ करावं अशी माझी आशा होती, आणि ती त्याला ऐकू आली असणार.

त्यानं लिफाफ्याची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाला, "नव्या चाकाची रांग काय आहे?"

"व्हिक, नको. दोन शून्यांचं चाक लुटारू आहे. जाऊ दे ते."

"मी सल्ला मागितला नाही. रांग सांग."

मी सांगू लागले. "शून्य, अठ्ठावीस, नऊ, सव्वीस, तीस, अकरा, सात..." तो माझ्यामागून म्हणत होता, शाळेतल्या मुलानं पाढे म्हणावेत तसा. वीसपाशी अडकला. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला अकराच्या आधीच अडकला. तिसऱ्यांदा त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"नाही दिसत," तो म्हणाला. "आणि जुनंही आता नीट दिसत नाहीये. मधेमधे नवे आकडे घुसतात."

"माझं चुकलं, व्हिक."

"मला दिसत नव्हतं, नोएलीन," तो म्हणाला. पोरी म्हणाला नाही. "तुला दिसत होतं."

बस आली. दर वेळी तो माझ्या दंडाला धरून पायरी चढायचा. मी दंड पुढे केला, त्याला तो दिसला नाही, किंवा दिसला. डॉट आली आणि त्याला घेऊन गेली.

या गोष्टीला चार महिने झाले. मी आता बेकरीत पावाचे तुकडे करते. मशीन करतं, मी पिशवीत भरते. लायसन्सवाल्यांचं पत्र आलं, 'आपणांस कळविण्यात येते की' वगैरे. मी स्वतःची समजूत घातली होती की निदान एक गोष्ट झाली, आता तरी व्हिकला तिथं कुणी बसू देणार नाही. त्याचा माझ्यावर राग असो, पण त्या चाकापासून तो सुटला.

गेल्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फ्रीजपाशी डॉट भेटली. मी व्हिकचं विचारलं.

"मजेत आहे की," डॉट म्हणाली. "ते सत्तर त्यानं पुढच्याच गुरुवारी घालवले. तुला माहीत नाही? त्याला आता खास परवानगी आहे. शेननं स्वतः फॉर्म भरून घेतला. व्हिकनं नुसतं सांगायचं, चकत्या डीलर लावतो. पेलिकनच्या पत्रकात फोटोसुद्धा आला त्यांचा दोघांचा, 'आमचं दार सर्वांसाठी उघडं' म्हणून. बसचा ड्रायव्हर त्याला दारातून आणतो, दारात सोडतो."

"आणि जोझी?"

"तिला त्यानंच फोन करून सांगितलं डोळ्यांचं. ती म्हणाली, बाबा, मला दोन वर्षांपासून माहितेय. तिनं आठवड्यातून दोनदा एक बाई लावून दिलीय. वर म्हणाली, मंगळवार-गुरुवार तुमचा वेळ बरा जातो."

म्हणजे ज्या संकटापासून मी त्याला लपवत होते, ते नव्हतंच. आंधळ्याला टेबलावर बसवायला कॅसिनोची कधीच हरकत नव्हती. कशाला असेल? पहिल्याच दिवशी मी सरळ बोलले असते तर फॉर्म तेव्हाच भरला गेला असता आणि मी त्याच्या चकत्या उघडपणे, त्याला विचारून, लावल्या असत्या. फ्रीजचं दार मी उघडंच धरून उभी होते. मागची बाई म्हणाली, घेणार आहात का काही?

मी दूध घेतलं. डॉट जायला निघाली तेव्हा मला राहवलं नाही. "आता कुणाच्या टेबलावर बसतो?"

"ग्लेनच्या. पोकरवरून आलाय तो, तो टकल्या." डॉटनं ढकलगाडी वळवली. "दिवसभर त्याचंच कौतुक. म्हणतो, असा हात अकरा वर्षांत बघितला नाही."